तुमच्या किती भाकरी?

बेलापुरात प्रवरेकाठी एक म्हातारी राहायची. घरात नवरा, मुलगा, सून आणि नात. शेत साडेतीन एकर, तेही चारीच्या टेलला. आवर्तन सुटलं की पाणी आधी वरच्यांचं, मग मधल्यांचं, आणि उरलंच तर यांचं. गोठ्यात पाच संकरित गाई होत्या आणि खरं घर त्यांच्यावर चालायचं. दुधाचं पेमेंट दर दहा दिवसांनी म्हातारीच्या खात्यावर जमा व्हायचं. घरात कुणी काहीही ठरवलं, तरी ते शेवटी तिच्या पासबुकापाशी येऊन थांबायचं.

ठरायचं मात्र ओट्यावर. आणि ओट्यावर बैठक जमायची त्या वेळेला म्हातारी नेमकी धारा काढत असायची.

२०२५ सालचा ज्येष्ठ महिना. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी बेलापूरला मुक्काम करून राहुरीकडे जाते. पालखी यायच्या आधी गल्लीतली पोरं वही घेऊन घरोघर फिरली.

"आज्जी, पालखीला तुमच्या किती भाकरी?"

म्हातारीनं मनातल्या मनात पिठाचा डबा उघडून पाहिला. "पन्नास लिही."

शेजारणीनं पंधरा सांगितल्या. पलीकडच्या घरात बाळंतीण होती, त्यांनी "औंदा नाही जमायचं रे" म्हणून सांगितलं. पोरांनी त्या नावापुढं रेघ ओढली आणि पुढचं दार वाजवलं. कुणी कुणाला बोल लावला नाही. पालखीच्या दिवशी सासू-सुना पहाटे तीनला उठल्या. परातीवर थापा पडायला लागल्या. तव्यावर टाकलेल्या भाकरीवरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, पापुद्रा सुटला की चुलीच्या तोंडाशी फुगवायची आणि धुवट धोतर अंथरलेल्या टोपलीत रचायची. पन्नास सांगितल्या होत्या, झाल्या चोपन्न. म्हातारा त्याच पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेला.

तो वाटेत होता तेव्हा, २५ जूनला, शुभांशू शुक्ला फ्लोरिडातून उडाले आणि दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोचले. राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले होते, त्यानंतर भारताचा माणूस आता वर गेला. नात नुकतीच दहावी झालेली. तिच्या मोबाइलवर दिवसभर तेच. ६ जुलैला आषाढी झाली, म्हातारा एसटीनं परत आला, तरी शुक्ला अजून वरच होते. १५ जुलैला उतरले.

तर म्हातारा आल्यानंतरची ही संध्याकाळ. ओट्यावर म्हातारा, मुलगा आणि नात. मध्ये एक छापील कागद पडलेला, त्यावर चहाचा कप.

"वर जाऊन करतोय काय तो?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"प्रयोग करतायत, आबा. मुगाला आणि मेथीला मोड आणलेत. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा प्रयोग आहे."

"आणि ह्या वारीचा खर्च किती?" मुलानं विचारलं.

"सुमारे ५५० कोटी म्हणतात."

"मोड आणायला साडेपाचशे कोटी! आई फडक्यात बांधून फुकट आणती की."

म्हातारा खो खो हसला. नातीचे कान लाल झाले. ती ताडकन उठली आणि तिनं पाठ केल्यासारखी यादी म्हणायला सुरुवात केली. चक्रीवादळाची सूचना कोण देतं, हवामानाचा अंदाज कुठून येतो, टीव्हीची डिश कशाच्या जोरावर चालते, धरणात पाणी किती, पिकाखाली क्षेत्र किती, हे वरून कोण मोजतं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग सुपारी कातरत म्हणाला, "ह्यातल्या कुठल्या यानात माणूस बसला होता गं?"

नात गप्प झाली.

म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं, पण त्याचा प्रश्न भारताचा अवकाश कार्यक्रम उभा करणाऱ्या विक्रम साराभाईंच्या म्हणण्याजवळ जाणारा होता. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून, भारतातून पहिलं रॉकेट उडालं. त्या दशकात साराभाई सांगत होते की चंद्रावर जाण्यात किंवा माणूस अवकाशात धाडण्यात श्रीमंत देशांशी बरोबरी करण्याचं खूळ आपल्या डोक्यात नाही. आपल्याला हे तंत्र हवंय ते आपल्या लोकांच्या अडचणींसाठी. आणि तसं त्यांनी करून दाखवायला घेतलंही. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस त्यांचे सहकारी. चिटणिसांच्या देखरेखीखाली १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर वापरायला घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्हीवरून शेतीचे आणि आरोग्याचे कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, म्हणून बेलापूरनं ते पाहिलं नाही. तिथं हिशेब सरळ होता: खेड्याला टीव्ही हवा, टीव्हीला उपग्रह हवा, उपग्रहाला माणूस नको.

पुढं धोरण बदललं. सरकारनं २०१८ मध्ये गगनयानाला मंजुरी दिली तेव्हा ९,०२३ कोटींचा आकडा होता आणि माणूस उडवायचं साल होतं २०२२. ते साल गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये आकडा २०,१९३ कोटींवर गेला, कारण भारताच्या स्वतःच्या अवकाश स्थानकाचा पहिला भागही त्यात धरला. स्थानक २०३५ पर्यंत, चंद्रावर भारतीय २०४० पर्यंत, अशी उद्दिष्टं आहेत. धोरण बदलायला हरकत नाही, साठ वर्षांत देशाची ऐपत बदलते. माझी तक्रार वेगळी आहे. नव्या कामाची कारणं सांगताना आपण जुन्याच कामाची पुण्याई मोजून दाखवतो, आणि ते त्या सोळा वर्षांच्या पोरीनंसुद्धा आपोआप केलं.

हे आपलंच आहे असं नाही. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी सप्टेंबर १९६२ मध्ये ह्यूस्टनच्या एका विद्यापीठात हजारो लोकांपुढं चंद्रावर जाण्याचं भाषण केलं. ज्ञान, साहस, माणुसकीची झेप, सगळं त्यात होतं. दोनच महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, व्हाइट हाऊसच्या बंद खोलीत नासाच्या प्रमुखांना त्यांनी सांगितलं की मला अवकाशात तसा फारसा रस नाही. रशियाच्या आधी पोचायचं आहे, म्हणून हा पैसा. ते बोलणं फितीवर होतं आणि पुष्कळ वर्षांनी लोकांना ऐकायला मिळालं. अपोलो ११ उडण्याच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ ला, राल्फ ॲबरनाथी नावाचे पाद्री गरिबांचा मोर्चा घेऊन उड्डाणतळावर गेले होते, बरोबर खेचरांच्या गाड्या. त्यांनी विचारलं ते साधंच होतं: ह्या खर्चात आमचं काय? पैसे त्यांचेही होते, आणि कारण त्यांना भाषणातलंच सांगितलेलं होतं.

असो. ओट्यावर आता मुलाला जोर चढला होता.

"कारणं सांगायला काय जातं? भंडारदऱ्याचं धरण कशाला बांधलं, आबा?"

"दुष्काळ हटवायला."

"आणि पाणी कुणी प्यालं?"

म्हाताऱ्यानं उत्तर दिलं नाही, कारण उत्तर त्याच्या बापानंच त्याला सांगितलेलं होतं. धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं. ओझरच्या बंधाऱ्यापासून दोन्ही तीरांना कालवे काढले. ज्वारी-बाजरी करणारा शेतकरी दुष्काळात वाचावा, हा सांगितलेला हेतू. पण पाऊस बरा झाला की त्या शेतकऱ्याला विकतचं पाणी नको असायचं, मग कालव्याचा खर्च निघायचा कुठून? ऊस बारा महिने पाणी पितो आणि पट्टीही भरतो. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला आणि पाण्याला गिऱ्हाईक मिळालं. वाईटच झालं म्हणावं तर तेही खोटं. श्रीरामपूरची पेठ ह्याच पाण्यावर वाढली. तिथल्या रेल्वे स्टेशनवर आजही बेलापूर हेच नाव आहे. १९५० च्या अखेरीला प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं तेही ह्याच पाण्यावर. पण टेलचा माणूस अजून पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरून आवर्तनाची वाट बघतो, आणि दुष्काळ हटवायला बांधलेलं धरण आपल्याला का पावत नाही, हे त्याला कुणी सांगत नाही.

"म्हणून म्हणतो," मुलगा म्हणाला, "मोठ्या कामाचा फायदा तुम्हालाच होणार म्हणून कुणी सांगितलं, की मला आधी टेल दिसतो."

"मग आबा पंढरपूरला कशाला गेले?" नात एकदम उसळली. "त्यांना काय फायदा झाला? पाय सुजून आले."

"ते आपल्या पायानं गेले. सरकारच्या पैशानं नाही गेले."

"आणि खाल्लं कुणाचं?"

हा आवाज गोठ्याच्या दारातून आला. म्हातारी दोन्ही हातांत दुधाच्या बादल्या घेऊन उभी होती. तिनं बादल्या खाली ठेवल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पायरीवर टेकली.

"इथून तिथपर्यंत लोकांचंच खाल्लं की. चोपन्न तर माझ्याच होत्या. पण मला कुणी येऊन म्हणालं नाही की आज्जी, भाकरी द्या, पाऊस पडेल. गाईचं दूध वाढेल. पोर पास होईल. असं म्हणाले असते तर मी हिशेब मागितला असता आणि पाऊस नाही पडला तर पुढच्या वर्षी दार लावून घेतलं असतं. ते म्हणाले, आम्हाला जायचंय, तुमच्या किती? मी म्हणाले पन्नास. पलीकडची म्हणाली नाही जमत. झालं. जायचंय तर जायचंय म्हणावं आणि ज्याच्या पिठाला हात घालायचा त्याला आधी विचारावं. एवढंच तर असतं."

म्हातारा म्हणाला, "सरकार कुठं घरोघर वही घेऊन फिरणार?"

"मतं मागायला फिरतं ना?"

ह्यावर म्हाताऱ्यापाशी उत्तर नव्हतं, माझ्यापाशीही नाही. कराचा पैसा आणि पालखीची भाकरी एक नव्हे, हे खरं. भाकरीला नाही म्हणता येतं, कराला येत नाही. पण मला वाटतं, म्हणूनच कर घेणाऱ्याला जास्त बांधून घ्यायला हवं. जो नाही म्हणू शकत नाही, त्याला तरी कारण खरं सांगावं. माणूस वर पाठवणं ही श्रद्धा आहे. जावं, बघावं, आपल्यातलं कुणीतरी तिथं असावं, ही ओढ आहे. ती ओढ कमी प्रतीची मुळीच नाही. पण तिला दुकानदाराचे कपडे घातले की ती खोटी दिसते, आणि एक दिवस गिऱ्हाईक माल परत घेऊन येतं.

म्हातारीची नजर आता चहाच्या कपाखालच्या कागदावर गेली. "आणि हा कागद कसला?"

कुणी बोलेना. नातीनं कप उचलून कागद पुढं केला. श्रीरामपूरच्या एका क्लासचं पत्रक होतं ते. दोन वर्षांचा क्लास, वर्षाला ऐंशी हजार. शुक्लांवरून चाललेलं भांडण शुक्लांचं नव्हतंच. नातीला तिरुवनंतपुरमच्या अवकाश विज्ञान संस्थेत जायचं होतं, त्याला जेईई द्यावी लागते. आणि मुलाला नदीवरून पाइपलाइन आणायची होती, म्हणजे टेलचं दुखणं एकदाचं संपलं असतं. पैसे मात्र एकाच पासबुकात होते.

"दोघांनी ठरवून मला सांगणार होता होय?" म्हातारी म्हणाली.

"आज्जी, क्लास लावला तर मोठं पॅकेज मिळतं. मग घर बांधू, तुला गाई पाळायची गरज..."

"परत तेच. पाऊस पडेल म्हणती बघ. आणि गाई नको म्हणाले का मी? नाही मिळालं पॅकेज तर?"

नातीनं मान खाली घातली. बराच वेळ ती पत्रकाचा कोपरा मुडपत राहिली. मग म्हणाली, "तरी मला जायचंय. का ते नीट सांगता येत नाही."

"हां. आता बोललीस."

म्हातारीनं विचारायला सुरुवात केली आणि तिनं विचारलं ते सरकारी फायलीतही असावं असं आहे. किती पैसे? दोन वर्षांचे मिळून एक लाख साठ. एकदम की हप्त्यानं? हप्त्यानं चालतं. किती वेळा परीक्षा? दोनदा, त्यापुढं नाही. आणि दोन्ही वेळा नाही झालं तर? नातीनं हे आधीच ठरवलेलं होतं, पण ते सांगितलं तर आपली बाजू लंगडी पडेल म्हणून लपवलं होतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात प्रवेश घेईन, म्हणाली.

"हे आधी का नाही सांगितलंस?" मुलानं विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मला वाटलं, नाही झालं तर आणखी एक वर्ष, आणखी एक वर्ष, असं चालणार."

"आणि मला एक सांग," म्हातारी म्हणाली. "त्या मुगाचं. वर वजन नसतं म्हणतात ना? मग खाली कुठलं ते बीला कसं कळतं? मूळ कुठल्या बाजूला जातं?"

नातीनं वर पाहिलं. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. ती सांगायला लागली की इथं मूळ खाली जातं ते वजनामुळं, वर ती खूण नसते, मग ते वाट चुकल्यासारखं भरकटतं. उजेड असेल, ओल असेल तसं वळतं. नेमकं काय काय होतं तेच तर बघतायत. म्हातारी गाल हातावर टेकून ऐकत राहिली. म्हातारा म्हणाला, "हे साडेपाचशे कोटीचं आहे का?" म्हातारी म्हणाली, "ते मला काय माहीत. पण मला कळायला पाहिजे, मूळ कुठं जातं ते."

मग वही आली. दर पेमेंटातून क्लासला किती, खुराकाला किती, पाइपलाइनसाठी बाजूला किती, असे आकडे नातीनं मांडले. पाइपलाइन एक वर्ष पुढं गेली. मुलानं कुरकुर केली, पण मान हलवली. दर दोन महिन्यांनी क्लासमधल्या परीक्षेचे मार्क ओट्यावर दाखवायचे, बरे असोत की वाईट, असं ठरलं. म्हातारा पुन्हा सुपारीकडं वळला. सगळं झालं असं सगळ्यांनाच वाटलं.

सून तेवढ्यात घासाचा भारा डोक्यावरून उतरवून आत आली. भारा आपटला, विळा खोचला आणि माठाकडं निघाली. तिच्या उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली होती.

म्हातारी वहीकडं बघत होती, ती थांबली. "अगं ए, इकडं ये. तुला कुणी विचारलं का?"

"काय?"

"दुधाचे पैसे कुठं घालायचे ते."

सून हसली. असलं काही तिला लग्न झाल्यापासून कुणी विचारलेलं नव्हतं. "घाला की कुठंही. पोरीला शिकवा."

"ते शिकवतोच आहोत. तुझं सांग."

तिनं सासऱ्याकडं पाहून पदर सारखा केला, नवऱ्याकडं पाहिलं. मग तांब्यातलं पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "कडबाकुट्टी घ्या. पाच गाईंचं विळ्यानं तोडून तोडून हात राहिला नाही. मोटारीची असली म्हणजे झालं, लहान का असेना."

ओट्यावर कुणी काही बोललं नाही. मुलगा घासाच्या भाऱ्याकडं बघायला लागला, तो रोजच तिथं पडायचा.

"हप्ता कधीपासून आहे तुझा?" म्हातारीनं नातीला विचारलं.

"पुढच्या एक तारखेपासून."

"क्लासवाल्यांना सांग, दोन महिने उशिरा भरू. चालत नसेल तर दुसऱ्या बॅचला बस."

नातीनं वही मांडीवर घेतली. वरची ओळ खोडली, तिथं 'कडबाकुट्टी' लिहिलं आणि आपले हप्ते एकेक करून खाली सरकवले. मग आईला विचारलं, "किती एचपीची घ्यायची?"